काकांचं डायलिसिस चालू झालंय, आयुष्मान कार्ड नाही, अंगठा पण उठत नाही, काय करावं?

औसेकर_पुण्यात

नमस्कार मंडळी, इथं नुसतं वाचत असतो, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे काका (सख्खे चुलते) वय ५१, गवंडीकाम करतात, पंचवीस वर्षं झाली पुण्यात, वडगाव शेरीला भाड्याच्या खोलीत राहतात. काकू चार घरची धुणीभांडी करते. पोरगी बारावीला. पाठ दुखते म्हणून काका मेडिकलवरून गोळ्या घेऊन खायचे, रोज एक, कधी दोन, असं बरीच वर्षं. बीपी होतं ते कधी तपासलंच नाही. मागच्या महिन्यात पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग रात्री दम लागायला लागला म्हणून जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं तर क्रिएटिनिन (रक्तातली किडनीची तपासणी) ९.८ आलं, फारच जास्त. दोन्ही किडन्या गेल्यात म्हणायलेत. मानेत नळी घालून तीन डायलिसिस झाले. २० हजार डिपॉझिट आणि वर रोजचं औषध वेगळं, आतापर्यंत ६५ हजार गेलेत, त्यातले ४० माझे, बाकी काकूनं मालकिणीकडनं उचल घेतली.

आता आठवड्याला दोन ते तीन डायलिसिस कायम लागणार म्हणे. हे हॉस्पिटल योजनेत नाही. दुसरीकडं चौकशी केली तर म्हणाले आयुष्मान कार्ड आणा. सेवा केंद्रात गेलो तर काकांचा अंगठा उठेना. दहाही बोटं लावून बघितली, सिमेंटनं सगळी घासून गेलीत. ओटीपी टाकू म्हणलं तर आधारला जो नंबर आहे तो २०१४ चा, ते सिम कधीच बंद पडलं. रेशन कार्ड गावाकडं आहे, औसा तालुक्यात, केशरी, पण ते आजोबांच्या नावावर. आजोबा २०१६ ला वारले. त्यात माझ्या वडिलांचं आणि काकांचं दोघांचं कुटुंब आहे. बारा आकडी नंबर काय असतो तो आमच्या पुस्तिकेवर नाहीच.

गंमत म्हणजे आजी ७४ ची, ठणठणीत, अजून ज्वारी काढायला जाते, तिचं वय वंदना कार्ड (सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान) गावातल्या शिबिरात दहा मिनिटांत निघालं. ज्याला पाहिजे त्याचं निघंना.

कुठून सुरुवात करू? आधार आधी का रेशन आधी का हॉस्पिटल आधी? मला रोज सुट्टी मिळत नाही हो, खराडीला कस्टमर सपोर्टमध्ये आहे, शिफ्ट असती.

---

सेवाकेंद्रवाला_वर्धा

भाऊ, आधी हॉस्पिटल. कार्डाच्या मागं आठ दिवस पळत बसाल आन पेशंट तिकडं घरी पडून राहील, असं करू नका.

मी आपले सरकार केंद्र चालवतो, रोजचं हेच राहते. लोकायच्या डोक्यात दोन गोष्टी एकात एक झाल्या आहेत. एक आपली राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, दुसरी केंद्राची आयुष्मान. २०२० पासून दोन्ही एकत्रच चालतात, पण कागद पाहाल तर वेगळे. आयुष्मानच्या मूळ यादीत नाव म्हणजे २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेत ज्याचं घर गरिबीत धरलं गेलं तो. फुले योजनेला आधी पिवळं आन केशरी रेशन कार्ड लागायचं, आपल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्याला पांढरं पण चालायचं (लातूर त्यात आहे, आमचं वर्धा पण). मग २८ जुलै २०२३ चा जीआर आला त्यात सगळ्याच रेशन कार्डवाल्यांना घेतलं, रेशन कार्ड नसेल तर डोमिसाईल (रहिवासी दाखला), आन रक्कम दीड लाखावरून ५ लाख केली, वर्षाला, पूर्ण कुटुंबाची मिळून.

म्हणजे तुमचे काका आजच बसतात. केशरी कार्ड आहे, त्यात नाव आहे, आधार आहे. बास. योजनेतल्या हॉस्पिटलात खाली आरोग्यमित्राचं टेबल राहते, त्याच्याकडं रेशन कार्डाची आन आधारची झेरॉक्स द्या, तो नोंदणी करते. कार्ड अगोदर हातात पाहिजे असं नाही. सगळ्यात मोठी गोष्ट, ही काही दुकानातली पॉलिसी नाही, जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालते, तीन वर्षं थांबा बिंबा काही नाही.

बारा आकडी नंबर: आजोबांचं जुनं पुस्तक असलं तरी ऑनलाईन नंबर पडलेला राहतेच बहुतेक. गावच्या रेशन दुकानदाराला फोन करा, त्याच्या मशीनमध्ये दिसते, एका मिनिटाचं काम. आन तेव्हाच विचारा की काकाचं नाव चालू आहे का. दुकानात ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) नाही केली म्हणून लोकायची नावं बंद पडलीत, बाहेरगावी राहणाऱ्यांची जास्त. बंद असलं तर पुण्यातल्याच कोणत्याही रेशन दुकानात ई-केवायसी होते, औशाला जायची गरज नाही, मोबाईलवर मेरा ई-केवायसी ॲपवर चेहऱ्यावरून पण होते.

अंगठ्याचं नंतर सांगतो, गिऱ्हाईक उभं आहे.

---

कृष्णाकाठची

माझ्या आईचं तीन वर्षं डायलिसिस झालं (आता ती नाही), सगळं याच योजनेतून. म्हणून थोडं लिहिते, वर दादांनी सांगितलंय ते बरोबर आहे पण प्रत्यक्षात काय होतं ते ऐका.

हॉस्पिटलच्या दारावर योजनेचा बोर्ड असतो म्हणून आत जाऊ नका. बोर्ड असला तरी सगळे विभाग योजनेत असतील असं नसतं. आम्ही एका ठिकाणी गेलो, बोर्ड एवढा मोठ्ठा, आत कळलं की हाडांचं योजनेत आहे, किडनीचं नाही. परत रिक्षा, परत आईला उचला. त्यामुळं आधी १५५३८८ ला फोन करा, किंवा १८०० २३३ २२००, आणि नेमकं असं विचारा की पुण्यात डायलिसिस योजनेत कुठं कुठं चालू आहे. मग त्या हॉस्पिटलला फोन करून दुसरा प्रश्न, मशीनवर जागा आहे का. हा प्रश्न कोणी सांगत नाही. योजना मंजूर असते आणि मशीन रिकामं नसतं. आम्हाला पहिले दोन महिने रात्री ११ ची पाळी मिळाली होती, रात्री तीनला घरी यायचो. पण सुरू झालं हे महत्वाचं. ससूनला पण विचारून ठेवा, आणि दोन तीन ठिकाणी नाव लिहून ठेवा.

एकदा सुरू झालं म्हणजे कायमचं झालं असं पण नाही. आमच्याकडं काही डायलिसिस झाले की परत मंजुरी घ्यावी लागायची, परत फोटो, परत रिपोर्ट. आरोग्यमित्राशी गोड बोला. खरंच सांगते, त्यांचे पगार तुटपुंजे, कंत्राटावरची पोरं ती, त्यांचेही संप झालेत, पण आमचा जो पोरगा होता तो मंजुरी संपायच्या आधी स्वतःहून फोन करायचा.

आणि मानेतली नळी फार दिवस ठेवू नका, इन्फेक्शन होतं. हातात फिस्टुला (छोटं ऑपरेशन करून डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली शीर) करून घ्यावा लागतो, आईचा योजनेतच झाला. तो तयार व्हायला महिना दीड महिना लागतो म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. आणि आजपासून काकांच्या ज्या हातात फिस्टुला करायचा (बहुतेक डावा) त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. हे आम्हाला उशिरा कळलं.

---

वाकडंतिकडं

सगळे योजनेचे गुणगान गायला बसलेत. माझ्या वडिलांनी २००९ ला ३० रुपये भरून स्मार्ट कार्ड काढलं होतं, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा. गावात गाडी आली, फोटो काढला, अंगठे घेतले, कार्ड दिलं, ३० हजाराचा विमा पाच माणसांना. ते कार्ड अजून देवघरात आहे. एकदाही वापरलं गेलं नाही कारण वापरायचं कुठं हेच कोणी सांगितलं नाही. मग राजीव गांधी जीवनदायी आली, २०१२ ला आठ जिल्ह्यांत, २०१३ ला सगळीकडं. मग तिचंच नाव २०१७ ला बदलून महात्मा फुले केलं. मग २०१८ ला रांचीतून आयुष्मान. प्रत्येक वेळी नवीन फोटो नवीन कार्ड. आजारी माणूस तोच, गरीब तोच.

आणि हॉस्पिटलवाले तरी का घेतील, पॅकेजचे दर कमी, पैसे महिनोन महिने अडकतात. मग बेड नाहीये म्हणून सांगतात.

---

सेवाकेंद्रवाला_वर्धा

वाकडंतिकडं भाऊ, तुमचं स्मार्ट कार्डाचं खरं आहे, माझ्या मामाकडं पण तसंच पडून आहे. पण त्या कार्डात आन आताच्यात फरक हा की तेव्हा ज्याचं कार्ड निघालं तोच आत, वर्षाच्या आत गाडी परत आली नाही तर तुम्ही बाहेर. आता आजारी पडल्यावर सुद्धा दवाखान्याच्या टेबलावर नाव चढते. हे मोठं आहे.

आता अंगठा. गवंडी, विडीवाल्या बाया, भांडी घासणाऱ्या, संत्र्याच्या मंडईतले हमाल, ह्या लोकायचा अंगठा उठतच नाही, हे मी बारा वर्षं पाहतो. ज्याचे हात कामात गेले त्यालाच मशीन ओळखत नाही. तर उपाय असे करा:

पहिलं म्हणजे डोळे. आयरिसचं मशीन सगळ्या केंद्रात नसते, पण आधारच्या मोठ्या केंद्रात आन काही हॉस्पिटलात राहते. सिमेंटनं बोटं जातात, डोळ्याचं काही होत नाही.

दुसरं चेहरा. आयुष्मानच्या ॲपमध्ये चेहऱ्यानं पडताळणी होते, त्यासाठी आधार फेस आरडी नावाचं ॲप मोबाईलमध्ये टाकून ठेवा. उजेडात बसवा, चष्मा काढा, डोळे मिचकवायला सांगा. पण काकाचं तोंड सुजलेलं आहे ना, आधारवरचा फोटो जुना राहील, एकदोनदा फेल जाईल. डायलिसिस झाल्यावर सूज उतरते, दुसऱ्या दिवशी सकाळी करून पाहा. हसू नका, आमच्या इथल्या एका पेशंटचं असंच झालं.

तिसरं म्हणजे आधारला नवा मोबाईल नंबर जोडून घ्या. कागद लागत नाही, माणूस लागतो, म्हणजे काकाला केंद्रावर न्यावं लागेल. फी थोडीशीच आहे, पावती मागा. आन नंबर स्वतःचा नका देऊ, काकूचा द्या, तुम्ही शिफ्टमध्ये असाल आन ओटीपी यायचा.

चौथी गोष्ट नावाची. रेशन कार्डावर बापाचं नाव एक, आधारवर दुसरं, बाळू कुठं आन बालाजी कुठं. नाव जुळलं नाही की कार्ड लगेच मंजूर होत नाही, वर तपासणीला जाते, तिथं दिवस जातात. आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.

---

औसेकर_पुण्यात

बाप रे, दादा तुम्ही बघितल्यासारखं लिहिलंय. रेशन कार्डावर काकांचं नाव 'बाळासाहेब' आहे आणि आधारवर 'बालाजी'. घरात सगळे बाळू म्हणतात. आता?

दुकानदाराला फोन केला, बारा आकडी नंबर भेटला. काकांचं नाव चालू आहे पण ई-केवायसी बाकी दाखवायलंय. माझ्या वडिलांचं झालंय. काकूचं आणि पोरीचं नावच नाही कार्डात!! लग्नाला वीस वर्षं झाली, कोणी घालायलाच गेलं नाही.

---

आशा_आहे_अजून

मी खेड्यातली आशा वर्कर आहे, सातारा जिल्हा. तुमचं वाचून राहवलं नाही.

बायकोचं नाव रेशन कार्डात नाही हे एका घरचं नाही, शंभर घरात वीस ठिकाणी सापडेल. माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणायला दिवस जातो म्हणून राहून जातं. आज काका आजारी आहेत, उद्या काकूला काही झालं तर ती कुठल्याच कुटुंबात नाही. त्यामुळं काकांचं मार्गी लागलं की दुसऱ्या दिवशी ते काम करा.

आम्ही घरोघरी जाऊन कार्ड काढतो, त्यामागं जे मिळतं ते सांगायची लाज वाटते, ते असो. पण एक सांगते, कॅम्प लावला की कोण येतं? म्हातारी माणसं येतात, बायका येतात, पोरं येतात. पन्नाशीचा गवंडी, सेंट्रिंगवाला, ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, उसाच्या तोडीला गेलेला गडी, हा कधी येत नाही. त्याचा ८०० चा रोज बुडतो. तीन तास रांगेत बसून सर्वर डाऊन ऐकायला तो कशाला येईल. त्याला बोलवायला गेलं की म्हणतो मला काय झालंय. आणि ज्याला आत कुठंतरी माहिती असतं की आपल्याला काहीतरी झालंय, तो तर आणखीनच लांब पळतो. बीपी तपासू म्हणलं तरी हात पुढं करत नाहीत, मुकादमाला कळलं तर कामावर घेणार नाही म्हणून. माझ्या गावात ज्यांचं कार्ड निघायचं राहिलंय त्यांची यादी केली ना, तर निम्मे असे आहेत ज्यांचं कार्ड सगळ्यात आधी निघायला पाहिजे होतं.

मी आता संध्याकाळी सातनंतर पारावर बसते मोबाईल घेऊन. कामावरून परत आलेले तिथंच असतात. एका आठवड्यात २२ निघाली, कॅम्पमध्ये दोन दिवसांत ९ निघाली होती.

---

सेवाकेंद्रवाला_वर्धा

आशाताई, सलाम.

औसेकर, बालाजी/बाळासाहेबचं टेन्शन नका घेऊ. आरोग्यमित्राला सांगा, नावात फरक असला तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा कागद मागते, आमच्याकडं सरपंच किंवा तलाठ्याचा दाखला चालला, कुठं प्रतिज्ञापत्र मागतात. तुमच्या वडिलांकडून औशातूनच आणवा, व्हॉट्सॲपवर फोटो मागवा, मूळ एसटीच्या पार्सलनं. रेशन कार्डाचं विभक्त करणं, काकूचं नाव, हे सगळं तहसीलचं काम आहे, महिना जाईल, त्याच्यासाठी डायलिसिस थांबवू नका.

---

लाल_टेप

मी एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभागात काम केलंय (कुठल्या ते विचारू नका). दुसरा रस्ता सांगतो कारण योजनेतलं मशीन मिळेपर्यंत मधले पंधरा दिवस कसे काढायचे हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि डायलिसिसला पंधरा दिवसाची दांडी चालत नाही.

पुण्यामुंबईतली बरीच मोठी हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि २००६ च्या हायकोर्टाच्या योजनेप्रमाणं त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक बिलातून २ टक्के वेगळ्या फंडात टाकतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनला वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलला ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार. काका महिन्याला किती दिवस कामावर असतात त्यावर कुठं बसतात ते ठरेल, पण आता तर काम बंदच आहे.

जाऊन 'फ्री बेड आहे का' असं काउंटरवर विचारू नका, नाहीच म्हणतील. थेट मेडिकल सोशल वर्करचा केबिन विचारा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाही म्हणाले तर नाही असं लेखी द्या म्हणा, बऱ्याचदा तिथंच जागा सापडते. तरी अडवलं तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

अजून दोन गोष्टी. पुणे महापालिकेची शहरी गरीब योजना आहे, हद्दीत राहणाऱ्यांना, तिचं कार्ड पालिकेतून दरवर्षी काढावं लागतं. भाडेकरार पाहिजे, तो नसेल तर घरमालकाला तयार करा. आणि काका गवंडी आहेत ना, बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आजारी पडल्यावर हा दाखला ठेकेदार देईल का हा वेगळा प्रश्न. नोंदणी जिवंत असेल तर गंभीर आजाराला तिथूनही मदत मिळते.

वाकडंतिकडं यांचं पैसे अडकण्याचं म्हणणं चूक नाही, मी बिलिंगमध्ये पाहिलंय. पण म्हणून पेशंटकडून वर पैसे घ्यायचा हक्क येत नाही. योजनेतून भरती असताना डिपॉझिट, औषध बाहेरून आणा, तपासणीचे वेगळे द्या, असं कोणी म्हणालं तर पावती मागा आणि पावतीसकट १५५३८८ ला तक्रार करा. पावती देत नाहीत हेच तक्रारीचं कारण.

---

वाकडंतिकडं

९० दिवसांचा दाखला!! ठेकेदार हजेरी ठेवतो का तरी? तो देईल आजारी माणसाला दाखला?

---

लाल_टेप

नाही देत बऱ्याचदा. ग्रामसेवक किंवा पालिकेचा अधिकारी पण देऊ शकतो. नाक्यावरचे, एकत्र काम केलेले चार गवंडी सोबत न्या.

---

सावंतवाडी_टू_बांबोळी

थोडं विषयांतर. आमच्याकडं सिंधुदुर्गात माणूस सिरियस झाला की लोक मुंबईला नेत नाहीत, गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेतात, जवळ पडतं. तिथं २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्यांना फी लावली तेव्हा बोंबाबोंब झाली होती. गोव्याच्या मित्राचं बघितलं तर त्यांची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, पाच वर्षं गोव्यात राहिलेला कोणीपण, गरीब असो नसो, पण कार्डाला वर्षाला दोनतीनशे रुपये भरून नाव घालावं लागतं. त्याच्या शेजारच्यानं नूतनीकरण केलं नाही आणि नेमका त्याच वर्षी हार्टचं निघालं. म्हणजे फुकट असो की दोनशेला, निरोगी असताना कोणी जात नाय. आपल्या योजनेत आयत्या वेळी नाव चढतं ते बरं आहे.

औसेकर, काका बरे होवोत.

---

औसेकर_पुण्यात

अपडेट देतो, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंय.

सोमवारी सुट्टी टाकली. १५५३८८ ला फोन केला, तिसऱ्यांदा लागला, बाईंनी पाच नावं सांगितली. दोन ठिकाणी मशीन फुल्ल. तिसऱ्या ठिकाणी नेफ्रोलॉजी (किडनीचा विभाग) योजनेत आहे, रात्री ९ ची पाळी रिकामी होती. कृष्णाकाठच्या ताई, तुमचा तो दुसरा प्रश्न विचारला नसता तर मी पहिल्याच ठिकाणी काकांना घेऊन गेलो असतो.

अंगठा तिथं पण उठला नाही. चेहरा दोनदा फेल. मग वर्धेच्या दादांचं आठवलं, मी विचारलं आयरिसचं आहे का, तर आरोग्यमित्रानं कपाटातून काढलं, धूळ बसली होती त्याच्यावर. एका सेकंदात झालं. काका म्हणाले डोळ्यानं ओळखलं का रे मला, आणि रडायलेच. पंचवीस वर्षात पुण्यात कुठल्याच मशीननं त्यांना ओळखलं नव्हतं, रेशनला नाही, बँकेत पण नाही.

नावाचा कागद वडिलांनी तलाठ्याकडनं आणला, अर्धा दिवस गेला. मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. कालपासून योजनेत डायलिसिस चालू आहे, पहिला झाला. पहिल्या हॉस्पिटलचे ६५ हजार गेले ते गेले, ते परत मिळत नाहीत म्हणाले, योजनेत नसलेलं हॉस्पिटल.

फिस्टुलासाठी सर्जनची तारीख पुढच्या बुधवारची. डॉक्टरांनी किडनी बदलायचं पण बोलून दाखवलं, योजनेत त्याची मर्यादा साडेचार लाख केलीय म्हणे, पण आजी ७४ ची, वडिलांना शुगर, आत्या आहे एक. ते नंतर बघू.

धर्मादायचा अर्ज पण देऊन ठेवलाय, पोच घेतली. सोशल वर्कर बाईंनी खरंच आधी जागा नाही म्हणलं आणि लेखी मागितल्यावर बसा म्हणाल्या.

एक राहिलं. काका विचारायलेत की शनिवारी रात्री मशीनवर जाऊन आलं की रविवारी झोपायचं आणि सोमवारपासून कामावर गेलं तर चालेल का. मला काय सांगावं कळंना. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, काकूचे साडेआठ हजार येतात.

---

कृष्णाकाठची

भाऊ, छान केलंत.

कामाचं डॉक्टरांनाच विचारा, पण आमच्या वॉर्डात जे होते ते सांगते. डायलिसिस झाल्यावर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं. नंतर लोक काम करतात, करावंच लागतं. रिक्षावाले होते, एक शिंपी होता, तो तर मशीनवर बसून काजं करायचा. पण गवंडीकाम जमणार नाही. फिस्टुलाच्या हातानं वजन उचलायचं नसतं, घमेलं नाही, विटा नाहीत, आणि त्या हाताला मार लागला तर रक्त थांबत नाही. उन्हात काम करून तहान लागते आणि पाणी मोजून प्यायचं असतं, ते तर सगळ्यात अवघड, आई बर्फाचा खडा चोखायची.

ठेकेदार ओळखीचा असेल तर साईटवर मोजमाप, माल उतरवून घेणं, हजेरी लिहिणं असलं काही देतो का बघा. पंचवीस वर्षाचा मिस्त्री आहे, त्याला भिंत ओळंब्यात आहे का नाही ते नजरेनं कळत असेल. डाव्या हातात करणार असतील फिस्टुला तर उजवा मोकळा राहतो.

आणि पेनकिलर घरातनं फेकून द्या. पाठ दुखतेय म्हणून परत खातील.

---

औसेकर_पुण्यात

काकूनं उशीखालची पाकिटं काढली आज. तीन निघाली.

---

सेवाकेंद्रवाला_वर्धा

आयरिसच्या मशीनवरची धूळ पुसून आलात ना? पुढच्या गवंड्याला कामी येईल. आन काकूचं नाव रेशन कार्डात घालायचा अर्ज कधी करता ते इथंच लिहा, मी माहेरच्या नाव-कमी दाखल्याचा नमुना पाठवतो.